खटक्याच्या जागी रिले: पार्श्वभूमी

रिले म्हणजे विजेने चालणारा खटका: आतल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, वीज दिली की ती चुंबक होऊन खटका ओढते. हे तारायंत्राचे अपत्य, 1830च्या दशकातले. लांबून आलेला क्षीण प्रवाह पुढच्या टप्प्यावर ताजी बॅटरी जोडून द्यायचा. टपालाचा दमलेला घोडा बदलून ताजा जोडत, त्यावरूनच हे नाव पडले. 1937 मध्ये रिलेंच्या जोडणीला बुलियन बीजगणित (फक्त खरे-खोटे या दोन मूल्यांचे गणित) लागू पडते, हे दाखवून झाले.

हाताच्या खटक्याला खरा पर्याय मिळाला तो मोटरच्या स्टार्टरमध्ये. खटका वीज गेली तरी 'चालू'वरच राहतो. वीज परतली की मोटर आपसूक फिरू लागते, तेव्हा पट्ट्यात कुणाचा हात असला तर संपलेच. कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरसाठीच्या मोठ्या रिलेमध्ये, हिरवे बटण दाबले की कॉइल ओढते, आणि तिचाच एक कॉन्टॅक्ट (प्रवाह जोडणारा-तोडणारा भाग) बटणाला समांतर असल्याने बोट उचलले तरी ती धरून राहते. वीज गेली की सुटते, आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटर बंदच. रिलेचा हा विसराळूपणा मुद्दाम जपलेला आहे.

सगळा घोळ होतो तो कॉन्टॅक्टच्या 'नॉर्मली ओपन' (एनओ) आणि 'नॉर्मली क्लोज्ड' (एनसी) या नावांनी. नळ उघडला की पाणी येते, पण सर्किट 'ओपन' झाले की प्रवाह थांबतो. त्यात 'नॉर्मली'चा अर्थ 'एरवी' असा घेतला जातो. पंखा एरवी चालूच असतो, मग तो एनसीवर, असा हिशेब. प्रत्यक्षात 'नॉर्मली' म्हणजे कॉइलला वीज नसताना, एवढेच. म्हणून प्रश्न असा विचारावा: कंट्रोल बंद पडला तर काय व्हायला हवे? हीटर थांबायला हवा, तो एनओवर. थंडाव्याचा पंखा चालत राहायला हवा, तो एनसीवर. थांबवायचे लाल बटणही एनसीच असते. तार तुटली तरी यंत्र थांबते.

1960च्या दशकाअखेर पीएलसी (कारखान्यातले प्रोग्रॅमवर चालणारे कंट्रोलर) आले आणि पॅनेलमधले रिले कमी झाले. रिलेंची जोडणी दाखवणारी शिडीसारखी आकृती मात्र टिकली. आता छोट्या कंट्रोलरला जोडायला 5 व्होल्टचे छोटे रिले मॉड्यूल सर्रास वापरतात. कॉइलला साधारण 70 मिलिअँपिअर लागतात, ते कंट्रोलरच्या पिनला झेपत नाहीत, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर, आणि कॉइल सुटतानाच्या उलट्या व्होल्टेजसाठी डायोड. बरीच मॉड्यूल इनपुट शून्यावर गेला की ओढतात, त्यामुळे प्रोग्रॅम चुकला तर कंट्रोलर सुरू होतानाच टक असा आवाज येतो आणि लोड (जोडलेले उपकरण) क्षणभर चालू होतो.

स्मार्ट स्विचमध्ये वीज परतल्यावर आधीची स्थिती आणण्याची सेटिंग असते. दिव्याला ती ठीक. हीटर, पंप किंवा करवतीसाठी ती 'बंद'वरच ठेवावी.