गिटार घरात ठेवणं: दमट हवा, कोरडी हवा आणि तापमान

हवेतला दमटपणा आणि तापमान वर्षभर वरखाली होत असतं, त्यात गिटारचं लाकूड, सांधे आणि पॉलिश शाबूत राहावं म्हणून घरात जी काळजी घेतात त्याबद्दलची ही नोंद. अकूस्टिक गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढं पाणी धरू शकते त्यातलं किती टक्के तिच्यात आहे ते) आणि २० ते २५ अंश सेल्सियस तापमान चांगलं मानतात, कारण बहुतेक चांगल्या गिटार बनतातही अशाच हवेत, म्हणजे लाकूड जोडताना ते ज्या मापाचं होतं त्याच मापाच्या जवळपास राहतं. ४० ते ६० च्या मध्ये आर्द्रतेचा आकडा हळूहळू फिरत राहिला तर सहसा काही बिघडत नाही. त्रास होतो तो आकडा बराच काळ ३५ च्या खाली किंवा ७० च्या वर राहिला की, आणि त्याहून जास्त तो झपाट्याने बदलला की.

लाकूड कापून वाळवून वर्षं झाली तरी ते हवेतलं पाणी घेतच असतं आणि सोडतच असतं. ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत बऱ्याच दिवस पडलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं, हवा ३० टक्क्यांवर गेली की ते ६ टक्क्यांच्या आसपास येतं आणि ८० टक्क्यांच्या हवेत १६ पर्यंत चढतं. आता मजा अशी की लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने चांगलंच फुगतं आणि आकसतं. मोठ्या बॉडीच्या गिटारचा स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे तारांखालची वरची फळी, खालच्या बाजूला ४० सेंटीमीटर रुंद असतो, जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, आणि ५० वरून ३० टक्क्यांच्या हवेत गेला तर तो रुंदीत दीड मिलिमीटरच्या आसपास आकसायला बघतो. बघतो म्हणायचं कारण त्याला आकसता येत नाही, आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या आडव्यातिरक्या चिकटवलेल्या असतात, कडेने साईडला पक्का बसवलेला असतो, मग तो ताण कुठेतरी निघणारच, आधी टॉपचा बाक कमी होऊन आणि शेवटी रेषेच्या बाजूने तडा जाऊन. पॉलिशमुळे पाणी हळू ये-जा करतं एवढंच, थांबत नाही, आणि आतली बाजू तर बहुतेक गिटारमध्ये उघडीच असते.

कोरडेपणा सगळ्यात आधी हाताला कळतो. नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) कडेवरून बोट वरून खाली हलकेच फिरवा, फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं करवतीच्या दातांसारखी टोचायला लागली असतील तर फ्रेटबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीचं, लाकूड आकसलंय आणि धातूचे फ्रेट होते तेवढेच राहिलेत. पुढची खूण बघायला एक सरळ पट्टी लागते, ती ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे टॉपवर आडवी ठेवायची. चांगल्या अवस्थेतल्या बहुतेक अकूस्टिक गिटारचा टॉप मधे किंचित फुगीर असतो, त्यामुळे पट्टी मधे टेकते आणि दोन्ही टोकांना जरा उजेड दिसतो. उलट पट्टी कडांना टेकली आणि मधे फट दिसली तर टॉप खाली बसलाय, म्हणजे गिटारला पाणी हवंय आणि लवकर हवंय. याच काळात ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) खाली येते, वरच्या फ्रेटवर तारा घासून बझ करायला लागतात, नेक बॉडीला मिळतो तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा दिसतो. पुष्कळ लोक इथे सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) बदलून उंच करतात, आणि पुढे दमट दिवस आले की तीच गिटार वाजवायला जड होते. आधी आकडा बघावा, मग सेटअपला (गिटारच्या जुळवणीला) हात लावावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जास्त ओलीचं नुकसान सावकाश होतं म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. टॉप ब्रिजच्या मागे फुगतो, ॲक्शन वर जाते, आवाज दबल्यासारखा होतो, तारा आणि ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) गंजतात, इलेक्ट्रिकमध्ये व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर ऐकू येते. हवा बरेच आठवडे ७० च्या वर राहिली तर केसच्या (गिटारच्या पेटीच्या) अस्तरात कुबट वास आणि बुरशी येते, आणि जुन्या वाद्यांमध्ये जिथे प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरलेला असतो तिथे ओल आणि उष्णता एकत्र आली की सांधा ढिला पडतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघावा, आत जात असेल तर ब्रिज उचलला जातोय, अशी गिटार तारा सैल करून लगेच दुरुस्तीला न्यावी.

तापमानाचा थेट त्रास कमी, आडून होणारा जास्त. गरम हवेत पाणी धरायची ताकद जास्त असते, त्यामुळे तेवढंच पाणी असलेली हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता खाली पडते. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना हवा दमट वाटते, पण तीच हवा हीटरने २२ अंशांवर नेली की आकडा २६-२७ टक्क्यांवर येतो! म्हणून थंड प्रदेशात गिटारना तडे जातात ते बहुतेक हीटर चालू असलेल्या महिन्यांत. एसी हवेतलं पाणी काढतो, दमट दिवसांत त्याची मदतच होते, पण दिवसा एसी आणि रात्री उघडी खिडकी असा खेळ रोज चालला तर बाहेर स्टँडवर ठेवलेल्या गिटारला रोज दोन वेगळ्या हवा सोसाव्या लागतात. थेट उष्णतेचं भय आहे ते पत्र्याखालच्या माळ्यावर, उन्हाच्या खिडकीशी आणि बंद गाडीत, उन्हात उभी असलेली गाडी आतून ६० अंशांपर्यंतही तापू शकते आणि साध्या लाकूडकामाचा सरस त्या सुमारास मऊ पडायला लागतो, त्यात तारांचा ओढा चालूच असतो. थंडीतून आणलेली गिटार लगेच उघडू नये, केस बंद ठेवून तीन-चार तास खोलीत पडू द्यावी, नाहीतर नायट्रोसेल्युलोज लॅकरवर (काही गिटारवर असणाऱ्या एका प्रकारच्या पॉलिशवर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत.

या सगळ्याला पहिलं साधन एकच, हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर. डिजिटल घ्यावा, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, स्वस्त मीटर पाचेक टक्क्यांनी सहज चुकतात. तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही, मग झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ कमी दाखवतो, तेवढं मनात धरून पुढे चालायचं. आणि मीटर भिंतीवर टांगण्यापेक्षा गिटार जिथे झोपते तिथे, केसमध्ये हेडस्टॉकजवळ (नेकच्या टोकाशी, खुंट्या असतात तिथे) ठेवावा.

केस म्हणजे गिटारची छोटी खोली. अख्खं घर ५० टक्क्यांवर ठेवणं अवघड आणि खर्चिक, पण नीट बंद होणाऱ्या हार्ड केसमधली थोडीशी हवा सांभाळणं कुणालाही जमतं, आणि बाहेरचा बदल आत पोचायला वेळ लागतो हाच तिचा खरा फायदा. गिग बॅग, म्हणजे मऊ कापडी पिशवी, त्या मानाने फार गळकी. कोरड्या दिवसांत साउंडहोलमध्ये (टॉपमधल्या भोकात) लटकवायचा ओला स्पंज चालतो, फक्त तो पिळून कोरडा केलेला हवा, त्यातून एक थेंब आत पडला तरी टॉपला किंवा बॅकला डाग आणि फुगवटा येतो. मला स्वतःला दोन्ही बाजूंनी काम करणारे क्षाराच्या द्रावणाचे पाऊच जास्त पटतात, हवा कोरडी असेल तर ते पाणी सोडतात, दमट असेल तर ओढतात आणि ५० च्या आसपास धरून ठेवतात. फार दमट हवेत ते लवकर भरून जातात, मग बदलावे लागतात. सिलिका जेल एकतर्फी आहे, नुसतं ओढत राहतं, ताज्या पुड्या बंद केसमध्ये टाकून विसरलं तर पावसाळ्यातही गिटार सुकवता येते, तेव्हा मीटर सोबत असेल तरच वापरावं. गिटार बऱ्याच असतील तर मात्र एक छोटी खोली निवडून तिथे ऋतूप्रमाणे ह्युमिडिफायर (दमटपणा वाढवणारं यंत्र) किंवा डीह्युमिडिफायर (तो कमी करणारं) लावणं सोपं जातं.

भिंतीला लटकवायला हरकत नाही, हँगर पक्का हवा आणि भिंत घराच्या आतली हवी, कारण बाहेरच्या भिंती थंडीत गार आणि पावसात ओल्या होतात. हीटर, एसीचा झोत, ऊन, स्वयंपाकघराची वाफ यापासून लांब. स्टँडचा रबर किंवा फोम नायट्रो लॅकरवर डाग पाडतो, तिथे सुती कापड गुंडाळावं.

तारा सैल कराव्यात का, हा नेहमीचा प्रश्न. स्टीलच्या लाइट (पातळ तारांच्या) सेटचा मिळून ओढा ७० किलोच्या वर असतो, नायलॉनचा ४० च्या आसपास, आणि नेक हा ओढा धरूनच बनवलेला असतो. रोज वाजत असेल तर काहीच करू नये. महिनोनमहिने ठेवायची असेल तर एक स्वर खाली उतरवावं, पूर्ण सोडू नये, कारण ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा गज) उलट बाजूने जोर लावत राहतो आणि नेक मागे वाकू शकतो.

लॅमिनेट म्हणजे थरांच्या लाकडाच्या गिटारला तडे कमी जातात, भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिकला त्याहून कमी, तरी नेक सगळ्यांचाच हलतो. कार्बन फायबरला ही चिंता जवळपास नाही.

सुकलेली गिटार परत आणायला घाई करू नये. केसमध्ये पाऊच किंवा स्पंज ठेवून आठवडा-दोन आठवडे आकडा हळूहळू ४५ च्या वर न्यायचा, तोवर ट्रस रॉडला हात लावायचा नाही. बारीक तडा बऱ्याचदा एवढ्याने मिटल्यासारखा दिसतो, पण तो जुळलेला नसतो, फक्त त्याच्या कडा जवळ आलेल्या असतात, आणि नेमका हाच दुरुस्तीचा योग्य वेळ. त्यात घरचा झटपट गोंद ओतला तर पुढे नीट चिकटवणं लुथियरलाही (गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही) अवघड होतं.