उशाशी बसलेल्यांसाठी

घरघर लागली की उशाशी बसलेल्यांचा धीर सुटतो. माणूस गुदमरतोय, त्याचे हाल होताहेत, असंच वाटतं. प्रत्यक्षात घशात साचलेली लाळ गिळण्याची किंवा खोकून टाकण्याची ताकद संपलेली असते आणि हवा तिच्यातून ये-जा करताना आवाज होतो. रुग्ण तेव्हा बहुधा शुद्धीत नसतो. कपाळावर आठी नसेल, चेहरा सैल असेल, तर त्याला त्रास जाणवत नसावा, असं उपशामक उपचार (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यासाठीचे उपचार) करणारे डॉक्टर मानतात. कुशीवर वळवलं की पुष्कळदा घरघर कमीही होते.

श्वासाचंही तसंच. काही श्वास क्रमाने खोल होत जातात, मग उथळ होतात, मग थांबतातच. वीस-तीस सेकंद काही नाही. गेला, असं म्हणेपर्यंत छाती पुन्हा हलते. जॉन चेन या डॉक्टरांनी १८१८ मध्ये आणि नंतर डॉक्टर विल्यम स्टोक्स यांनी हा प्रकार नोंदवला, म्हणून तो चेन-स्टोक्स श्वसन. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची खबर मेंदूतल्या श्वसनकेंद्राला उशिरा लागते आणि मग ते गरजेपेक्षा जास्त जोर लावतं. त्यातून हे हेलकावे येतात.

अन्नपाणी सुटलं म्हणून घरच्यांच्या मनाला फार लागतं. पण शरीराची मागणीच संपत आलेली असते. बळेबळे भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याची भीती मोठी. ओल्या बोळ्याने ओठ भिजवत राहावं, तेवढं खरंच उपयोगाचं असतं.

आपलं बोलणं पोचतं का? कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांच्या शुश्रूषागृहात, प्रतिसाद देणं थांबलेल्या रुग्णांच्या मेंदूचे विद्युत आलेख काढले गेले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वरांच्या मालिकेत मध्येच बदल केला, तर काही रुग्णांचा मेंदू निरोगी माणसासारखाच दखल घेत होता. शब्दांचा अर्थ कळतो, हे यातून सिद्ध होत नाही. अर्थ कळतोच, असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. तरी मी तर बोलतच राहीन.

आणखी एक. रात्र रात्र जागलेला मुलगा पाय मोकळे करायला बाहेर जातो आणि नेमके तेव्हाच वडील जातात. असं पुष्कळ घरांत घडतं, आणि ‘मी तेव्हा नव्हतो’ ही टोचणी वर्षानुवर्षं राहते. श्वास इतका अनियमित झाल्यावर शेवटचा कोणता, हे जाणत्या डॉक्टरलाही आधी सांगता येत नाही.