ज्वारीचं बळ तिच्या सालीत

दाणा पक्व होताना पाऊस लागला की खरिपाची ज्वारी काळी पडते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ही बुरशी ज्या सालीवर धरते, त्याच सालीत ज्वारीतली बरीचशी अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखू शकणारी, द्रव्यं असतात. बुरशी, कीड, पाखरं यांच्यापासून बचाव व्हावा म्हणूनच झाड ही फिनॉल वर्गातली द्रव्यं तयार करतं. तपकिरी सालीच्या काही जातींत टॅनिन भरपूर असतं. तो दाणा तुरट लागतो, पाखरं टाळतात आणि बुरशीही कमी धरते.

भाकरीसाठी आपल्याला पांढरा, गोड दाणा लागतो. त्यात टॅनिन जवळजवळ नसतं, त्यामुळे अँटिऑक्सिडंटमध्ये पांढरी ज्वारी टॅनिनवाल्या जातींच्या मागेच राहते. फेरुलिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट मात्र तिच्यातही असतं. ते सालीतल्या तंतूंना घट्ट बांधलेलं असतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ते थोडंथोडं मोकळं करतात. म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गुरांना टाकू नये. दळण जरा बारीक आणावं आणि न चाळता भाकर करावी.

पाकिटांवरच्या अँटिऑक्सिडंटच्या आकड्यांना फार भुलू नये. परीक्षानळीतली क्षमता शरीरात तशीच्या तशी उतरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची यादी २०१२ मध्ये मागे घेतली. त्यापेक्षा साधं पोषण पाहावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि लोह १ मिलिग्रॅमहून कमी. गव्हाची न चाळलेली कणीक या बाबतीत ज्वारीच्या बरोबरीचीच आहे. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही, हा मोठा फरक.

हे लोह सगळं अंगी लागत नाही, कारण दाण्यातलंच फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. आंबवल्यावर फायटिक आम्ल कमी होतं, म्हणून आंबील मोलाची. एक वाटी पीठ दोन वाट्या पातळ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावं. उन्हाळ्यात सहा तास पुरतात, जास्त ठेवलं तर ती फार आंबट होते. सकाळी तीन वाट्या उकळत्या पाण्यात हे मिश्रण ढवळत सोडावं. ढवळणं थांबलं की गाठी होतात. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवावं. ज्वारीच्या कण्यांवर किंवा भाकरीसोबतच्या भाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. जेवणासोबत चहा मात्र नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा प्रथिनाचा घटक कमी असतो, ती उणीव तुरीचं वरण भरून काढतं.

मोड आणायचे असतील तर सांभाळून. कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती त्यामुळेच. मोड आलेला दाणा वाळवून, कोंब-मुळ्या चोळून काढूनच दळावा.

आणि काळ्या पडलेल्या ज्वारीला रंगीत जातीची ज्वारी समजू नये. तिच्यात फ्युमोनिसिनसारखं बुरशीचं विष असू शकतं, ते भाजून-शिजवून पूर्ण जात नाही. असा दाणा निवडून काढावा, जनावरांनाही घालू नये. चांगला दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवूनच कोठीत भरावा.