पेटीतलं प्रत्येक पदक शौर्यपदक नसतं

कोकणात पणजोबांचं पदक जपलेल्या घरांत त्याला सरसकट ‘शौर्यपदक’ म्हणतात. बहुतेक वेळा ते तसं नसतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल, दुसऱ्या महायुद्धाचा सहा टोकांचा बर्मा स्टार ही मोहिमेतल्या सेवेची पदकं. अटींत बसणाऱ्या प्रत्येकाला मिळाली. त्यामुळे पणजोबांचं मोल तसूभरही कमी होत नाही.

वॉर मेडल असेल तर आधी कडा पाहा. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. अक्षरं पुसट असतील तर बॅटरीचा उजेड बाजूने तिरका टाकून फोटो काढा. चिंच, पितांबरी अजिबात नको. घासून घासूनच ही अक्षरं जातात. सावंत, मोरे यांची स्पेलिंगं कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. क्रमांक आणि पलटण जोडीनेच टिपा. मेडल चांदीऐवजी ब्राँझचं असेल तर माणूस बहुधा लेबर कोअरसारख्या बिनलढाऊ तुकडीत होता. तीही युद्धसेवाच.

व्हिक्टोरिया क्रॉससारखा शौर्यसन्मान राजपत्रात जाहीर होतो. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांचा पराक्रम (इटली, १० जुलै १९४४) तिथे वर्णनासह छापलेला आहे.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत फक्त मृतांची नावं असतात. सुखरूप घरी आलेला माणूस तिथे सापडला नाही, म्हणून त्याची गोष्ट खोटी ठरवू नका. त्याच्यासाठी पेन्शनचे आणि डिस्चार्जचे जुने कागद शोधा.