ताऱ्यांमागचा हिशेब : अमेरिकेतील आरोग्य विमा योजनांच्या मानांकनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत दर वर्षी ऑक्टोबरमध्ये मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांचे तारे जाहीर होतात. मेडिकेअर हा ६५ वर्षांवरील आणि काही अपंग नागरिकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा; त्यातल्या या योजना खासगी कंपन्या सरकारी पैशातून चालवतात. एक ते पाच तारे, मधे अर्ध्या ताऱ्याचे टप्पे. त्या दिवशी विमा कंपन्यांचे शेअरही वरखाली होतात, कारण तारे आता थेट पैशाशी बांधलेले आहेत. सुरुवात मात्र एका साध्या शंकेतून झाली होती.

१९७३ साली अध्यक्ष निक्सन यांनी एचएमओ कायद्यावर सही केली. एचएमओ म्हणजे सभासदामागे ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन त्यातच त्याचे सगळे उपचार सांभाळणारी संस्था. तोवर बहुतेक ठिकाणी डॉक्टर जेवढे उपचार करत तेवढं बिल होई, म्हणजे गरज नसताना जास्त उपचार होण्याचा धोका होता. आता धोका उलटा झाला. खर्च कमी केला की उरलेले पैसे संस्थेचे. मग पैसे वाचवायला गरजेचे उपचारच टाळले तर? ही शंका अगदी रास्त होती, आणि आजही आहे.

दर्जा मोजायचा कसा, याची चौकट तयार होती. वैद्यकीय सेवेच्या दर्जाचे अभ्यासक एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच तीन गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. ती विम्याला लावण्याचा रेटा मात्र मालकवर्गाकडून आला. अमेरिकेत नोकरदारांचा विमा बहुतांशी कंपनी काढते. मोठ्या कंपन्या दर वर्षी प्रचंड हप्ते भरत होत्या आणि त्या बदल्यात काय मिळतं, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. काही मालक आणि एचएमओ यांनी मिळून निकषांचा पहिला संच तयार केला. तो पुढे एनसीक्यूए या ना-नफा संस्थेकडे गेला. मार्गारेट ओ'केन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये ही संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली होती. तिने १९९३ मध्ये संचाची सुधारित आवृत्ती आणली. हेडिस या नावाने तो आजही वापरात आहे.

हेडिसचं मोजमाप जवळून पाहण्यासारखं आहे. उच्च रक्तदाबाचा निकष घ्या. निदान झालेल्या सभासदाचं वर्षातलं शेवटचं नोंदवलेलं माप १४०/९० च्या खाली हवं. प्रत्येकाची फाइल तपासणं अशक्य, म्हणून ४११ जणांचा नमुना काढून नोंदी वाचण्याची पद्धत रूढ झाली. नोंदच सापडली नाही, तर रक्तदाब आटोक्यात नाही असं धरलं जातं. वर्षाच्या मधेच विमा बदलणारे गरीब, अस्थिर नोकरीतले लोक अनेक निकषांतून आपोआप गळतात, कारण सलग सभासदत्वाची अट असते. मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव वाटते : ज्यांची आबाळ जास्त, तेच मोजणीबाहेर.

तरीही मोजल्याने फरक पडला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर हे स्वस्त, जुनं औषध द्यायला हवं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यात मोजणी सुरू झाली, तेव्हा ते जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास रुग्णांना मिळत होतं. दहा वर्षांत प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं आणि २००७ मध्ये तो निकषच रद्द झाला, कारण योजनायोजनांत फरक उरला नव्हता. यामागे वाचलेले जीव आहेत.

रुग्णाचं म्हणणं मोजणीत यायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी सरकारी पाठबळाने कॅप्स हे सर्वेक्षण सुरू झालं. भेटीची वेळ लवकर मिळाली का, डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं का, योजनेला शून्य ते दहा किती गुण द्याल, असे त्यातले प्रश्न.

मेडिकेअर ॲडव्हांटेजचे तारे हेडिस, कॅप्स अशा मोजमापांवरूनच ठरतात. त्यात खरं वळण २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने आलं. २०१२ पासून चार किंवा अधिक तारे मिळवणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांना बोनस सुरू झाला : सरकार योजनेला सभासदामागे जे पैसे देतं, त्यांची कमाल पातळी साधारण ५ टक्क्यांनी वर.

पैसा आला तशा पळवाटाही आल्या. तारे एकेका योजनेला नसतात, सरकारशी झालेल्या कराराला असतात, आणि एका करारात अनेक योजना बसतात. कंपन्यांनी कमी ताऱ्यांचे करार जास्त ताऱ्यांच्या करारांत विलीन केले. उपचारांत काडीचाही बदल न होता लाखो सभासद कागदावर चांगल्या योजनेत गेले. २०१८ च्या कायद्याने सभासदसंख्येनुसार सरासरी काढणं सक्तीचं केलं, तेव्हा ही वाट बंद झाली. मग भांडण कोर्टात गेलं. दुभाष्याची सोय आहे का, हे तपासायला सरकारतर्फे योजनांच्या कॉल सेंटरला चाचणी फोन केले जातात. असा एकच फोन अयशस्वी नोंदवल्याने तारे घटले, म्हणून युनायटेड हेल्थकेअर या विमा कंपनीने सरकारवर दावा लावला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तारे पुन्हा मोजायचा आदेश दिला.

या सगळ्यात १९७३ ची मूळ शंका मागे पडली. उपचार नाकारल्यावर केलेल्या अपिलांवर वेळेत निर्णय होतो का, हे ताऱ्यांत मोजलं गेलं. मुळात किती उपचार नाकारले, हे मात्र नाही. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी पूर्वपरवानगी, म्हणजे उपचाराआधी घ्यावी लागणारी योजनेची मंजुरी, नाकारलेल्या प्रकरणांचा नमुना तपासून २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यातली १३ टक्के प्रकरणं मेडिकेअरच्या नियमांत बसणारी होती, म्हणजे त्या रुग्णांना उपचार मिळायला हवे होते. २०२४ च्या नव्या नियमानुसार पूर्वपरवानग्या किती दिल्या, किती नाकारल्या आणि निर्णयाला किती वेळ लागला, हे योजनांनी २०२६ पासून जाहीर करायचं आहे. हे आकडे ताऱ्यांच्या सूत्रात घेतले जावेत, आणि त्यांना रक्तदाबाच्या नोंदीहून जास्त वजन मिळावं, असं माझं ठाम मत आहे.