हायब्रिड मोटारगाडी (बेळगाव सीमाभाग)

हायब्रिड मोटारगाडी : पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन शक्तींवर चालणारी गाडी. मराठीत ‘संकरित वाहन’ असा शब्द आहे, पण तो कागदावरच राहिला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातला मराठी ग्राहक शोरूममध्ये ‘हायब्रिड’च म्हणतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चार्जिंगला लावायला लागते काय?’ बाजारातल्या बहुतेक हायब्रिड गाड्यांपुरते त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बॅटरी इंजिनावर आणि ब्रेकमधून परत मिळणाऱ्या ऊर्जेवरच भरते. भिंतीच्या प्लगवर चार्ज होणारी प्लग-इन जात वेगळी. भारतात ती मोजक्या, फार महागड्या गाड्यांत मिळते.

एकाच शब्दाखाली भिन्न वकुबाच्या गाड्या विकल्या जातात, गोंधळ तिथून सुरू होतो. सौम्य म्हणजे ‘माइल्ड’ हायब्रिडमध्ये स्टार्टर आणि अल्टरनेटर यांचे काम करणारे एकच यंत्र पट्ट्याने इंजिनाला जोडलेले असते. सिग्नलला इंजिन बंद करणे, पुन्हा अलगद चालू करणे आणि वेग घेताना थोडा हातभार लावणे, एवढाच त्याचा आवाका. नुसत्या विजेवर ही गाडी हलत नाही. मारुतीची सियाझ आणि अर्टिगा या डिझेल गाड्या २०१५ साली अशा यंत्रणेसह आल्या. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांसाठीच्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेचे अनुदान त्यांना मिळत असे, ते २०१७ मध्ये बंद झाले. पुढे एमजी हेक्टरने २०१९ मध्ये आणि डिझेल फॉर्च्युनरने २०२५ मध्ये ४८ व्होल्टची यंत्रणा आणली. पाटी हायब्रिडची आणि काम स्टार्टरचे, असेच या प्रकाराचे वर्णन करावे लागते. गाडी त्याने वाईट ठरत नाही, पण ‘हायब्रिड आहे’ या शब्दावर जास्त पैसे मोजणाऱ्याने कोणते हायब्रिड हे आधी विचारावे.

खरा फरक ‘स्ट्राँग’ हायब्रिडमध्ये, म्हणजे थोडे अंतर नुसत्या विजेवरही चालणाऱ्या गाडीत दिसतो. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात टोयोटाने प्रियस विकायला काढली. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. दोन्ही आयात केलेल्या, त्यामुळे किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. २०१३ पासून टोयोटाची कॅमरी हायब्रिड बेंगळुरूजवळच्या बिडदी कारखान्यात जुळवली जाऊ लागली, पण तीही मोठ्या साहेबांची गाडी. चित्र पालटले ते २०२२ मध्ये. मे महिन्यात होंडा सिटी, सप्टेंबरात टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा, वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस. २०२३ मध्ये मारुतीची इन्व्हिक्टो, २०२५ मध्ये व्हिक्टोरिस. पाच माणसांची मध्यम गाडी, सात-आठ माणसांची कुटुंबाची गाडी आणि सेडान अशी निवड प्रथमच शक्य झाली. निवड मोठी दिसते, पण बारकाईने पाहिले तर ग्रँड विटारा आणि हायरायडर या एकाच ताटातल्या दोन वाट्या आहेत आणि इन्व्हिक्टो म्हणजे वेगळ्या नाकाची हायक्रॉस. या चारही बिडदीत तयार होतात.

या गाडीत काय घडते हे पाहायचे तर टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेले असताना पाहावे. मिरजेकडची गाडी जायची आहे, पुढे रिक्षा, मागे दुचाक्यांची रांग, सगळ्यांची इंजिने घुरघुरताहेत. हायरायडरचा एसी चालू आहे आणि इंजिन मात्र गप्प. शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटते, गाडी बंद पडली. गेट उघडते आणि गाडी आवाज न करता चार हात पुढे सरकते. इंजिन त्यानंतर कधीतरी, चालकाला न विचारता, जागे होते. गेट फारच वेळ बंद राहिले तर उलटेही होते : बॅटरी उतरते आणि गाडी जागच्या जागी इंजिन सुरू करून ती भरून घेते. ताशी ऐंशीच्या सरळ धावेत हायब्रिडचा फायदा आखडतो आणि अडकत-थांबत चालण्यात वाढतो, त्याचे कारण हेच. साध्या गाडीला लांबच्या रस्त्यावर ॲव्हरेज जास्त मिळते. हायब्रिडचा मालक गावातल्या आकड्यावर खूश असतो.

टोयोटाच्या पद्धतीत इंजिन, जनरेटर आणि मोटर ग्रहचक्राच्या (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांच्या) दातेरी जोडणीने एकत्र बांधलेले असतात, क्लचप्लेट नसतेच. होंडाच्या पद्धतीत बहुतेक वेळ मोटरच चाके फिरवते, इंजिन वीज तयार करते आणि महामार्गाच्या वेगाला क्लच लागून थेट चाकांना जोडले जाते. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांचे दीड लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन, मोटर धरून एकूण ताकद सुमारे ११६ पीएस (अश्वशक्तीचे माप), आणि बॅटरी अवघ्या ०.७६ युनिटची. प्रमाणित ॲव्हरेज लिटरला सुमारे २८ किलोमीटर. तो चाचणीचा आकडा आहे, रस्त्यावर कमीच मिळतो. बॅटरी मागे बसते, त्यामुळे डिकी शंभरेक लिटरने घटते. लग्नाला निघालेल्या घराला हे पहिल्याच दिवशी कळते.

चोर्ला घाट हा या छोट्या बॅटरीचा कस पाहतो. जांबोटी, कणकुंबी ओलांडून गाडी गोव्याकडे उतरू लागली की ब्रेकमधली ऊर्जा बॅटरीत जाते. चार माणसांसह दीड टन वजनाची गाडी ६०० मीटर खाली उतरताना कागदावर जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा सुटते, म्हणजे बॅटरीच्या एकूण क्षमतेच्या तिप्पट. वारा आणि टायर त्यातला बराच वाटा खातात, आणि बॅटरीही पूर्ण रिकामी वा पूर्ण भरलेली ठेवली जात नसल्याने खरी जागा आणखी कमी असते. मग घाटाच्या मध्यावरच बॅटरी तुडुंब भरते आणि गाडी इंजिनाच्या ओढीने वेग आवरू लागते. आवाज वाढला म्हणून चालक दचकतो. दचकायचे कारण नाही, गिअरचा दांडा ‘बी’ वर, म्हणजे इंजिनाच्या ओढीने वेग आवरणाऱ्या खुणेवर टाकून उतरावे. चढताना उलटे. गिअर बदलत नाहीत, इंजिन मात्र एका वरच्या सुरात ओरडत राहते. डिझेलची सवय झालेल्याला हा आवाज पटत नाही आणि त्याला दोष देता येत नाही.

गॅरेजवाल्यांनी एक नियम लवकर शिकून घेतला : नारिंगी वायर दिसली की हात मागे. त्या वायरीत पावणेदोनशे व्होल्टच्या आसपासची किंवा त्याहून अधिक दाबाची वीज असते आणि प्रशिक्षणाशिवाय तिला हात लावू नये. बॅटरी गेली तर काय, ही ग्राहकाची खरी भीती. टोयोटा तिच्यासाठी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते.

किमतीचा हिशेब मात्र या भागात इतरांपेक्षा किचकट आहे, कारण येथे तीन राज्ये एका दिवसात फिरून होतात. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीवर आजीवन कर १७ टक्के, शिवाय उपकर. महाराष्ट्रात त्याच गटातल्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. अठरा लाखांच्या गाडीवर हा फरक नव्वद हजारांचा होतो. स्ट्राँग हायब्रिडसाठी उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये नोंदणी कर माफ केला; ती गाडी बनवणाऱ्या कर्नाटकात तिला पेट्रोल गाडीसारखाच कर. त्यामुळे गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर ‘एमएच-०९’ पासिंग करून घ्यावे, असा सल्ला येथे चहाबरोबर मिळतो. बेळगावचे केए-२२ की कोल्हापूरचे एमएच-०९ हा प्रश्न सीमाभागात नुसता कराचा नसतो, हेही खरे. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. मग तिथला करही आलाच, आणि पहिल्या राज्यातला परत मिळवायला हेलपाटे. वाचवलेले नव्वद हजार त्यात किती उरतात हे ज्याचे त्याने मोजावे.

केंद्राचा कर वेगळा. जीएसटी आल्यापासून मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के आणि १५ टक्के अधिभार मिळून ४३ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभाराशिवाय ४०. विजेच्या गाडीला ५ टक्के. हायब्रिडला अशी सवलत नसल्यामुळे ती आणि साधी गाडी यांच्यातला फरक लाखांत राहतो. फरक दोन लाख, पेट्रोल १०३ रुपये, वर्षाला १२,००० किलोमीटर, साधी गाडी लिटरला १४ आणि हायब्रिड २१ असे धरले तर वर्षाला सुमारे २९,००० रुपये वाचतात आणि फरक भरून निघायला सात वर्षे लागतात. दुप्पट धावणाऱ्याला साडेतीन. गेली काही वर्षे गोव्यात पेट्रोल स्वस्त असल्याने महिन्यातून दोनदा पणजीला जाणारा बेळगावकर तिथेच टाकी फुल्ल करून चोर्ला चढतो. स्वस्त पेट्रोलमुळे त्याचा फरक भरून निघणे आणखी लांबते. दर रविवारी फक्त गावी जाऊन येणाऱ्याने हायब्रिड घेऊ नये, असे स्पष्ट म्हणता येईल.

चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाक हा उसाचा मुलूख, म्हणून इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिडची चर्चा येथे मन लावून ऐकली जाते. टोयोटाने अशी कोरोला २०२२ मध्ये आणि हायक्रॉस २०२३ मध्ये दिल्लीत दाखवली, मात्र विक्रीसाठी नव्हे, नमुना म्हणून. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचा रस वेगळा आहे. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही. हायब्रिडला दोन्ही लागतात, फक्त हायरायडरसारख्या गाडीत ते चारऐवजी तीन सिलिंडरचे असतात, त्यामुळे ओतकामाचे वजनही त्या मानाने कमी भरते.