मायफळ, खिळे आणि स्वयंपाकघरातले कपाट

स्वयंपाकघरातली जुनी लाकडी कपाटे मोडीत काढण्याऐवजी त्यांना घरच्या घरी ‘अँटीक’ रूप कसे द्यावे, हे शिकवणाऱ्या चित्रफिती हल्ली सर्रास फिरतात. त्यांतल्या अनेकांत एक बरणी हमखास असते: व्हिनेगरमध्ये भिजत घातलेले लोखंड. हे पाणी कोऱ्या फळीवर फिरवले की थोड्याच वेळात लाकूड करडे-काळे होते, आणि पाहणाऱ्याची समजूत होते की आम्लाने लाकूड जाळले, किंवा त्यावर गंजाचा थर बसला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तो रंग लाकडाच्या तंतूंतच तयार होतो आणि त्यासाठी लागणारा अर्धा माल लाकडानेच पुरवलेला असतो.

हा माल म्हणजे टॅनिन. हिरडा चघळल्यावर किंवा कडक कोरा चहा प्यायल्यावर जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो याच गटातील संयुगांमुळे. बाभळीच्या सालीत टॅनिन इतके असते की ती चामडे कमावण्यासाठी वापरली जाते. लोखंडाशी त्याची गाठ पडली की काय होते, हे आपल्या घरांतही ठाऊक आहे. केसांना लावायची आवळ्याची पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजवली की सकाळी ती काळीकुट्ट झालेली असते.

बरणीतले लोखंड ॲसिटिक आम्लात विरघळते, त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात (म्हणूनच झाकण घट्ट लावू नये) आणि फेरस ॲसिटेटचे फिकट द्रावण उरते. हे द्रावण लाकडात मुरले की टॅनिनच्या रेणूतील शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या), सांडशीने पातेले धरावे तसे, लोखंडाच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, पकडतात. पण या क्षणी रंग जवळपास नसतोच. मग हवेतील ऑक्सिजन त्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, फेरसचे फेरिक होते, आणि खरी गंमत इथे सुरू होते. निव्वळ फेरिक आयन प्रकाश फारसा शोषत नाही, कारण त्याच्या पाच d-कक्षिकांत (इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक जागांत) प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन असतो, त्या सर्वांची फिरकी (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण) एकाच दिशेची असते आणि फिरकी बदलल्याशिवाय त्यांना आपसांत जागा बदलता येत नाही. टॅनिनच्या रेणूतले कार्बन अणूंचे वलय मात्र इलेक्ट्रॉनांनी समृद्ध आणि फेरिक आयन त्यांचा भुकेला. त्यामुळे दृश्य प्रकाशाची ऊर्जा मिळताच वलयातला इलेक्ट्रॉन उडी मारून लोखंडाकडे जातो. फिरकीचा अडसर या उडीला नसल्याने ती सहज आणि वारंवार घडते, शिवाय दृश्य वर्णपटाचा मोठा पट्टा तीत खर्ची पडतो. डोळ्यांपर्यंत परत येणारा प्रकाश जेमतेम उरतो, आणि त्यालाच आपण निळसर काळा म्हणतो.

युरोपात कित्येक शतके दस्तऐवज ज्या शाईने लिहिले गेले, ती याच अभिक्रियेची. त्या शाईतले टॅनिन मायफळातून येई, आणि ते मायफळ आपल्याकडे बाळगुटीत हिरड्याच्या शेजारी उगाळले जाते. ताजे लिखाण फिकट दिसे आणि हवा लागल्यावर गडद होई, तेही वर सांगितलेल्या कारणानेच. कापडावर कलमाने चित्रे काढणारे आंध्र प्रदेशातल्या श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर कापड आधी हिरडा आणि दुधात बुडवतात आणि मग गुळाच्या पाण्यात आंबवलेल्या लोखंडाने काळी रेघ ओढतात. झाडात ठोकलेल्या खिळ्याभोवती उमटणारे काळे वर्तुळही याच कुळातले. करणी करणाऱ्यांनी त्यावर बिबे आणि लिंबे कितीही टांगली, तरी ते उमटते ते टॅनिनमुळे.

आता कपाटाकडे. चित्रफितींत क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट अशी की, सनमायका लावलेल्या प्लायवूडवर यातले काहीही घडणार नाही. तिथे वर प्लास्टिकचा कडक थर असतो, तो पाणी आत जाऊ देत नाही आणि त्याच्याजवळ टॅनिनही नसते. अस्सल लाकडावरचे जुने पॉलिशसुद्धा पूर्ण उतरवावे लागते. पाईनसारख्या टॅनिन कमी असलेल्या लाकडाला आधी कडक कोऱ्या चहाचे दोन हात द्यावेत आणि वाळू द्यावेत, म्हणजे लोखंडाला जोडीदार मिळतो. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी बरणीत टाकून आठवडाभर वाट पाहणारे निराश होतात, कारण ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि तिच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा व्हिनेगरला दाद देत नाही. त्याऐवजी साधे लोखंडी खिळे घ्यावेत. कपाटाला जुना ऑइलपेंट असेल, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कायदेशीर मर्यादा भारतात 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आणि त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते, तेही आपण जिथे कणीक मळतो त्या खोलीत.

पहिला हात वाळल्यावर रंग मातकट, निर्जीव करडा दिसतो आणि बहुतेक जण घाईने दुसरा हात देतात. तो देऊ नये. कोरड्या तंतूंमधल्या हवेच्या पोकळ्या प्रकाश विखुरत असतात, म्हणून रंग फिका भासतो. तेल किंवा चपड्याचे पॉलिश त्या पोकळ्या भरते आणि तीच फळी डोळ्यांदेखत कितीतरी गडद होते. किती गडद, हे दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ बोटभर पॉलिश लावून आधीच पाहता येते.